विजेत्याला ३० किलो, धडकणाऱ्याला ५ किलो, पोर्शेला १५: लीगमधला वजनाचा नियम न्याय्य कसा करायचा?

घाटवळण

असेटो कोर्सा कॉम्पेटिझिओने (पुढे नुसतं एसीसी) या कार-रेसिंगच्या सिम गेमवर आमची जीटी३ (स्पोर्ट्सकारवरून बनवलेल्या शर्यतीच्या गाड्या) लीग आहे, तिच्यासाठी गाडीत जादा वजन घालायचा नियम लिहिलाय, तो जाणकारांकडून तपासून हवा आहे.

ढाचा असा आहे. आठ फेऱ्या, प्रत्येक शर्यत ४५ मिनिटांची, २२ चालक. एकदा गाडी निवडली की सीझनभर तीच. गुण एफवनचेच: २५-१८-१५-१२ असं करत दहाव्याला १.

वजन: पहिल्याला पुढच्या फेरीत ३० किलो, दुसऱ्याला २०, तिसऱ्याला १०. हे साठत जातं, कमाल ६०. चौथा किंवा त्याखाली आलात की १० किलो उतरतात. स्टुअर्डनी (शर्यतीच्या पंचांनी) धडकेसाठी दोषी धरलं तर ५ किलो वेगळे. शिवाय पहिल्या दोन फेऱ्यांत पहिल्या पाचांत तीन पोर्शे आल्या म्हणून सगळ्या पोर्शेंना सरसकट १५ किलो.

तीन फेऱ्यांनंतर तक्रारी अशा: वरचे लोक शेवटच्या लॅपला मुद्दाम चौथ्या जागेवर घसरतात, मधल्या फळीतला पोर्शेवाला विचारतो, मी बारावा आलो, मला १५ किलो कशाबद्दल, आणि ज्याने दोन वेळा लोकांना उडवलं त्याला १० किलोचा काहीच फरक पडत नाही, कारण तो तसाही विसावा येतो.

नियमच रद्द करावा की आकडे बदलावेत? वजनाऐवजी रिस्ट्रिक्टर (इंजिनाची हवा अडवून ताकद कमी करणारा) वापरला तर बरं पडेल का?

लेझमो_दोन

आकडे नंतर बघू. आधी हे बघा की तुमच्या एकाच किलोच्या आकड्यात तीन निरनिराळी कामं कोंबली आहेत. गाड्या सारख्या करणं हे एक, म्हणजे बीओपी (बॅलन्स ऑफ परफॉर्मन्स). जिंकणाऱ्याला मागे ओढून चुरस टिकवणं हे दुसरं. आणि बेशिस्तीची शिक्षा हे तिसरं. ज्याच्या गाडीत ४५ किलो आहेत त्याला ते कशाचे आहेत हे सांगता येत नसेल तर तो तक्रार करणारच, आणि ती बरोबरच असेल.

शिक्षेचं वजन आजच काढून टाका. ज्याने धडक खाल्ली त्याला त्यातून काही परत मिळत नाही. विसाव्या नंबरवाल्याला ५ किलो म्हणजे डास चावल्यासारखं. आणि जो खरंच विजेतेपदाच्या शर्यतीत आहे त्याला एका किरकोळ चुकीचे ५ किलो महागात पडतात. चोर सोडून संन्याशाला फाशी. एसीसीत त्यासाठी हत्यारं तयार आहेत: ॲडमिनला चॅटमधून ५ किंवा १५ सेकंदांची टाइम पेनल्टी, ड्राइव्ह-थ्रू (पिटलेनमधून हळू जायचं), स्टॉप-गो (पिटमध्ये थांबून निघायचं) देता येते. शर्यतीनंतरच्या निकालासाठी सेकंद वाढवा किंवा गुण कापा. पुढच्या फेरीची शिक्षा द्यायची असेल तर पिटलेनमधून स्टार्ट. ग्रिडवर (सुरुवातीच्या रांगेत) पाच जागा मागे ढकलणं टाळा. धडकणाऱ्या माणसाला मधल्या गर्दीत आणून सोडण्यात काही शहाणपण नाही.

आता चौथ्या जागेवर घसरणाऱ्यांबद्दल. ते लबाड नाहीत, त्यांनी तुमचा नियम नीट वाचलाय. हिशेब करा. समजा १० किलोला लॅपमागे ०.१२ सेकंद जातात (हे मोजायचं कसं ते कुणीतरी सांगेलच, पण जीटी३साठी पावणेदोन मिनिटांच्या लॅपला हा आकडा बेताचा आहे). मोंझाला ४५ मिनिटांत साधारण २५ लॅप होतात. ३० किलो म्हणजे ०.३६ गुणिले २५, बरोबर ९ सेकंद. चौथ्याचे उलट १० किलो उतरतात, म्हणजे त्याचे ३ सेकंद वाचतात. दोघांतला फरक १२ सेकंद. पहिल्या चारांत शेवटी १२ सेकंदांचं अंतर नसेल तर आज जिंकणारा पुढच्या वेळी चौथा होणार. आज कमावलेले २५ आणि १२ मधले १३ गुण पुढच्या फेरीत तसेच परत द्यायचे. वर वजन साठत जातं, म्हणजे तिसऱ्या फेरीलाही तोटा. हातचं राखून चालवणं हाच शहाणपणा ठरतो.

गोम तिसऱ्या आणि चौथ्या जागेमधल्या कड्यात आहे: तिसरा आलात तर दहा वाढले, चौथा आलात तर दहा उतरले. कडा काढा, लोक घसरायचे थांबतील. जपानच्या सुपर जीटीत जीटी५०० वर्गाला वजन जागेवरून नाही, सीझनभरात जमलेल्या गुणांवरून लागतं: एका गुणाला २ किलो. शेवटून दुसऱ्या फेरीत निम्मं, शेवटच्या फेरीत शून्य. आणि ५० किलोंच्या पुढचं वजन गाडीत न टाकता इंधनप्रवाह कमी करून वळतं करतात. तिथे जिंकल्याचे २० गुण असतात, म्हणून २ किलो. तुमच्याकडे २५ आहेत आणि फेऱ्या आठ, तेव्हा गुणामागे अर्धा किलो, कमाल ४० धरा.

चोरगिअर

मी उलटं म्हणतो. जिंकण्याचं वजन मुळातच काढा.

महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर हँडिकॅपच्या शर्यतीत चांगल्या घोड्याच्या खोगिरात शिसं घालतात, कारण तिथे लोक पैसे लावतात आणि निकाल आधीच ठरलेला असेल तर कुणी खिडकीवर फिरकणार नाही. टीव्हीवरच्या शर्यतींचंही तेच, प्रेक्षक टिकले पाहिजेत. तुमच्या लीगला प्रेक्षक किती? २२ चालक आणि त्यांच्या घरचे. जो आठवड्यातले चार तास सराव करून पुढे आला, त्याला सरावाचा दंड का?

चुरस हवी तर एका रात्री दोन छोट्या शर्यती घ्या आणि दुसरीला पहिल्या आठांचं ग्रिड उलटं करा. गाडी तीच, सेटअप तोच, आणि ओव्हरटेक करायला शिकायला मिळतं. आणि हो, वजन लावलंत की ज्याला सेटअप येत नाही त्याला कारण मिळतं. नाचता येईना, अंगण ५ किलोंनी वाकडं.

न्यूटनमीटर

रिस्ट्रिक्टर की वजन, एवढ्यावरच बोलतो, कारण यात गैरसमज फार.

वजनाने टॉप स्पीड जवळजवळ बदलत नाही. लांब सरळ पट्ट्यावर गाडी अडते ती हवेने, वजनाने नाही. वजनामुळे तिथे पोचायला वेळ लागतो, इतकंच. ताकद कमी केली की मात्र टॉप स्पीडच खाली येतो, पण घनमुळाच्या प्रमाणात: ५ टक्के ताकद कापलीत तर २७० चे साधारण २६५ होतात. आकडा छोटा दिसतो, पण शर्यतीत त्याचा अर्थ मोठा. स्लिपस्ट्रीम (पुढच्या गाडीच्या मागची कमी हवा) घेऊनही बाजूला येता येत नाही, आणि मागचा मात्र सहज निघून जातो. म्हणून रिस्ट्रिक्टर लावलेला चालक एकट्याच्या लॅपला तेवढाच हळू असूनही शर्यतीत जास्त मार खातो. मोंझाला तर फारच.

दुसरीकडे रिस्ट्रिक्टरचा एक छुपा फायदा आहे जो नियम लिहिणारे विसरतात: इंधन कमी लागतं. ४५ मिनिटांत पिटस्टॉप नसेल तर फायदा इतकाच की सुरुवातीला दोन-तीन लिटर कमी भरता येतात. दोन तासांच्या शर्यतीत तो पिटमधले सेकंद वाचवतो, आणि कधीकधी एक अख्खा थांबाच वाचतो. वजनाचं उलट: टायर जास्त तापतात, जास्त झिजतात, म्हणजे ३० किलोंची खरी किंमत क्वालीत (पात्रता फेरीत) नाही, स्टिंटच्या (सलग चालवण्याच्या टप्प्याच्या) शेवटच्या दहा लॅपमध्ये दिसते.

वजन नेमकं कुठे बोचतं ते बघा. गाडी, चालक, इंधन मिळून १४०० किलो धरा; त्यात ३० म्हणजे २.१ टक्के. लोक म्हणतात प्रवेग २ टक्के गेला, म्हणजे सरळ पट्ट्यावरचा वेळ २ टक्के वाढला. नाही. हवेचा विरोध सोडला आणि गाडी थांबलेली असताना सुटली असं धरलं, तर ठराविक अंतराचा वेळही घनमुळानेच वाढतो, म्हणजे सुमारे ०.७ टक्के. ब्रेकिंगचंही तसंच. वजन वाढलं की टायरवरचा दाब वाढतो आणि पकडही वाढते, फक्त त्याच प्रमाणात वाढत नाही. त्यामुळे ब्रेकिंगचं अंतर थोडंच वाढतं. ब्रेकना मात्र पूर्ण २ टक्के जास्त उष्णता गिळावी लागते.

सगळ्यात जास्त बोचतं ते जलद वळणात, आणि हे सहसा कुणी सांगत नाही. विंगचा दाब गाडीच्या वजनावर ठरत नाही. समजा २०० च्या वेगाला ७०० किलोंचा डाउनफोर्स आहे. १४०० च्या गाडीला टायरवरचा एकूण भार वजनाच्या १.५ पट मिळतो. १४३० ला तोच १.४९ पट. वळणातला वेग साधारण ०.३५ टक्क्याने पडतो, २०० च्या वळणात पाऊण किलोमीटर. असं एक वळण काहीच नाही. सिल्व्हरस्टोनला मॅगॉट्स-बेकेट्समध्ये तेच सलग चार-पाच वेळा होतं.

चढाचंही तसंच. स्पाला सर्वांत खालच्या आणि सर्वांत वरच्या टोकात १०० मीटरच्या आसपास फरक आहे. ३० किलो १०० मीटर उचलायला सुमारे ३० किलोज्यूल लागतात. चाकांवर ३३० किलोवॅट असतील तर त्यात ०.०९ सेकंद जातात, आणि उतारावर ते परत मिळत नाहीत, ब्रेक खाऊन टाकतात.

थोडक्यात, एकच वजन सगळ्या ट्रॅकना सारखं बोचत नाही. एसीसीत म्हणूनच गाड्यांचं मूळ बीओपी ट्रॅकनिहाय आहे. जिंकण्याचं वजन ट्रॅकनिहाय बदलायच्या फंदात मात्र पडू नका, कुणाला समजणार नाही.

रिस्ट्रिक्टरचा ५ हा आकडा म्हणजे ताकद नेमकी ५ टक्के कमी, असंही धरू नका. मोजल्याशिवाय वापरू नका, किंबहुना तुमच्या लीगला वापरूच नका.

घाटवळण

शिक्षेचं वजन काढतो, ते पटलं. @चोरगिअर उलट्या ग्रिडचा विचार केला होता, पण एका रात्री दोन क्वाली, दोन शर्यती म्हणजे साडेअकरा वाजतात. सोमवारी लोकांना नोकऱ्या आहेत.

आता मोजणी. ०.१२ हा आकडा माझ्या लीगला लागू आहे का हे कसं ठरवू? आणि पोर्शेचे १५ किलो ठेवायचे की नाही?

स्टॉपवॉच_सदाशिव

पोर्शेचं आधी. दोन शर्यतींच्या निकालावरून गाडी जलद आहे की चालक जलद आहेत हे कळत नाही. पोर्शेचं इंजिन मागच्या ॲक्सलच्या मागे, नवख्याला ती वळणात फिरवते. त्यामुळे लीगमध्ये पोर्शे निवडणारे बहुतेक मुरलेले असतात. तुम्ही गाडीला वजन लावताय आणि शिक्षा निवडीला होतेय. बारावा आलेला पोर्शेवाला बरोबर विचारतोय.

मोजायचं तर चालक तोच आणि गाडी बदलती हवी. पद्धत अशी:

चार चालक घ्या, लॅपमध्ये सातत्य असलेले. सर्वांत जलद असलेच पाहिजेत असं नाही. ज्यांच्या लॅप ०.३ सेकंदाच्या आत राहतात ते हवेत. सर्व्हरवर हवामान गोठवा: इव्हेंट फाइलमध्ये वेदर रँडमनेस ०, पाऊस ०, तापमान ठरलेलं, टाइम मल्टिप्लायर १. ट्रॅकवर रबर बसत जातो, म्हणून पहिली वीस मिनिटं सगळ्यांनी नुसतंच फिरायचं, त्या लॅप धरायच्या नाहीत.

गाड्या दोन: पोर्शे आणि मैदानातली सर्वांत सामान्य अशी एक. दोन्हींना गेममधला आक्रमक प्रीसेट, फक्त टायरचा गरम दाब २६ ते २७ पीएसआयमध्ये आणायचा. इंधन दोन्हींत ४० लिटर. इथेच लोक गडबड करतात: एकजण २५ लिटरवर, दुसरा ६० वर, आणि मग गाडी हळू आहे म्हणतात.

क्रम पोर्शे, दुसरी, परत पोर्शे. प्रत्येकी दहा लॅप. निम्म्या चालकांनी उलट क्रम करायचा. हा परतीचा फेरा गाळू नका. माणूस चालवता चालवता सुधारतो, आणि दुसऱ्या गाडीला ती सुधारणा फुकटात मिळते. पोर्शेच्या दोन्ही फेऱ्यांची सरासरी दुसरीशी ताडायची. प्रत्येक दहामधल्या पहिल्या दोन लॅप सोडा, उरलेल्या आठांचा मध्यक घ्या, सर्वांत जलद लॅप घेऊ नका. सर्वांत जलद लॅप म्हणजे नशीब.

आता या मोजणीतून कितपत दिसतं ते पण बघा. चांगल्या हौशी चालकाच्या लॅपमध्ये ०.२५ सेकंदांचा चढउतार असतोच. आठ लॅपची सरासरी घेतली की तो ०.०९ वर येतो, दोन गाड्यांच्या फरकात ०.१२ च्या वर. म्हणजे एकट्या चालकाकडून पाव सेकंदाच्या खालचा फरक दिसतच नाही. चार चालक मिळून दृष्टी दुप्पट होते: ०.१२ सेकंद. ते तुमच्या १० किलोंच्या बरोबरीचं. यापेक्षा बारीक बीओपी तुम्ही करू शकत नाही. ५ किलोंनी गाडी 'बॅलन्स' करणाऱ्या लीग मुळात कोलाहलाचं वजन करत असतात.

हे निदान तीन ट्रॅकवर करा: मोंझा (५.७९३ किमी, सरळ पट्टे), हंगारोरिंग (४.३८१ किमी, वळणंच वळणं) आणि स्पा (७.००४ किमी, दोन्ही). पोर्शे तिन्हीकडे जलद निघाली तरच वजन. एकीकडे जलद आणि दुसरीकडे हळू असेल तर ते गाडीचं चारित्र्य आहे, त्याला हात लावू नका. माझा अंदाज, पोर्शेचे १५ जाणार.

वजनाचा दर मोजायला तर सर्व्हरही नको. पेट्रोलची घनता ०.७५ च्या आसपास. ४० लिटर म्हणजे ३० किलो. एका फेरीत २५ लिटर, दुसरीत ६५ लिटर भरून त्याच परत-फेरीच्या पद्धतीने सहा-सहा लॅप चालवा. लॅपला तीन-साडेतीन लिटर जळतात, पण दोन्हींत सारखेच, त्यामुळे ३० किलोंचा फरक कायम राहतो. जो वेळ निघेल त्याला तीनने भागा, १० किलोंचा दर हातात. टाकीची जागा आणि बॅलास्टची (जादा वजनाची) जागा वेगळी, तेव्हा संतुलनात थोडा फरक पडतो, पण दर ठरवायला पुरेसं आहे.

जेसनबाधा

नियम कितीही न्याय्य लिहा, वजन गाडीत गेलंच नाही तर काय उपयोग? एसीसीत हे सर्रास होतं आणि कुणाला पत्ताच लागत नाही, कारण ज्याला वजन लागलं नाही तो बोलत नाही.

चालकाचं वजन सर्व्हरच्या एंट्रीलिस्ट (चालकांची यादी) या जेसन सेटिंग फाइलमध्ये जातं, मॉडेलचं बीओपीच्या जेसन फाइलमध्ये. दोन्हीकडे किलो आणि रिस्ट्रिक्टर असे दोन रकाने आहेत. एकाच माणसाला दोन्ही फाइलींतून वजन देऊ नका, नंतर कोणाचं किती हे उलगडत नाही.

नेहमीचे घोळ:

प्लेअर आयडी. स्टीमवरचा १७ अंकी क्रमांक आणि त्याच्या आधी 'एस'. नुसता क्रमांक टाकला की ओळ कुणाशीच जुळत नाही, आणि चालक शून्य किलोने धावतो. एखाद्याने भावाच्या खात्यावरून एंट्री घेतली तरी तेच. म्हणून फोर्स एंट्री लिस्ट १ ठेवा. यादीत नसलेला आत येणार नाही, वजन चुकवून तर नाहीच.

एन्कोडिंग. फाइल यूटीएफ-१६ एलई हवी. नोटपॅडमध्ये सेव्ह करताना खालच्या यादीत बघा. आणि शेवटच्या चालकाच्या कंसानंतर स्वल्पविराम राहिला की फाइल वाचलीच जात नाही.

मॉडेल क्रमांक. पोर्शे म्हणून एकच क्रमांक नाही. जुनी ९९१ ला ०, ९९१ दुसरी आवृत्ती २३, ९९२ ला ३४. बीओपी फाइलमध्ये ० टाकलात आणि सगळे ९९२ चालवतायत, तर तुमचे १५ किलो कुणालाच लागलेले नाहीत. @घाटवळण हे एकदा बघाच.

ट्रॅकचं नाव इव्हेंट फाइलमध्ये जसं आहे अक्षर-अक्षर तसंच बीओपी फाइलमध्ये. किलोंची मर्यादा तुमच्या सर्व्हरसोबत आलेल्या ॲडमिन हँडबुकमध्ये बघून घ्या, सीझन सुरू व्हायच्या आधी.

फाइल बदलली की सर्व्हर पूर्ण बंद करून चालू करा. मग तपासणी: एका चालकाला मुद्दाम रिस्ट्रिक्टर २० लावा आणि सरळ पट्ट्यावर पाठवा. वेग धाडकन पडला तर ओळ जुळतेय, फाइल वाचली जातेय. नाही पडला तर वरून परत सुरू करा. ३० किलो लावून 'जाणवतंय का' विचारण्यात अर्थ नाही, १०० ते २०० ला फरक एक दशांश सेकंदाचा असतो, सगळेच 'हो, जाणवतंय' म्हणतात.

जुन्या असेटो कोर्सावर असाल तर सोपं आहे, एंट्रीलिस्टमध्ये प्रत्येक गाडीखाली बॅलास्ट आणि रिस्ट्रिक्टरच्या ओळी असतात आणि ॲडमिनला चॅटमधूनही दोन्ही बदलता येतात. आयरेसिंगच्या होस्टेड सेशनमध्ये किलो, ताकदीचे टक्के आणि इंधनाची मर्यादा अशा तिन्ही कळा मिळतात, पण त्या गाडीच्या मॉडेलला लागतात. तिथे बीओपी जमतं.

घाटवळण

@जेसनबाधा फाइल उघडली. मॉडेल ०. लीगमधल्या सगळ्या पोर्शे ९९२ आहेत.

म्हणजे तिसऱ्या फेरीत १५ किलो कुणालाच नव्हते, आणि तरी 'वजनामुळे गाडी वळतच नाही' अशी तक्रार आली होती.

चोरगिअर

😂 अंगण सरळच होतं म्हणा की.

लेझमो_दोन

माझ्याच आकड्यात चूक आहे, दुरुस्त करतो. गुणामागे अर्धा किलो आणि कमाल ४० म्हणजे ८० गुणांना छप्पर लागतं. पुढचा माणूस फेरीला सरासरी १८ घेतो, म्हणजे पाच फेऱ्यांत तो छपराला टेकला. दुसरा सरासरी १५ ने सहा फेऱ्यांत. सातव्या फेरीला दोघंही ४० वर, म्हणजे आपसात वजनच नाही, आणि पुढच्या जिंकण्याला काही किंमतही नाही. गुणामागे ०.३ किलो घ्या. मग ४० किलो १३३ गुणांना येतात, पुढचा सात फेऱ्यांनंतर १२६ वर असेल. छप्पर नावापुरतं राहतं आणि फरक शेवटपर्यंत टिकतो.

हातचं राखण्याचा हिशेब आता बघा. जिंकण्याऐवजी चौथा आलात तर १३ गुण गेले, बदल्यात ३.९ किलो वाचले. ०.०१२ गुणिले ३.९ गुणिले २५ लॅप: शर्यतीला १.२ सेकंद. १.२ सेकंदांसाठी १३ गुण कुणी सोडणार नाही.

@चोरगिअरच्या मुद्द्यात तथ्य आहे, ते असं की वजन जास्त झालं तर विजेता नियम ठरवतो, चालक नाही. डब्ल्यूईसी या जागतिक एन्ड्युरन्स स्पर्धेने २०१९-२० च्या सीझनला सर्वांत वरच्या एलएमपी१ वर्गातल्या गाड्यांना यशाचा भार लावला, आणि शांघायला रिबेलियनने टोयोटांना मागे टाकलं. शर्यत रंगली, पण कोण कशामुळे जिंकलं हा वाद अजून चालतो. ब्रिटिश टूरिंग कार्सनी २०२२ ला वजन सोडून हायब्रिडच्या वापरावर मर्यादा आणली. गाडीचं वागणं न बदलता हँडिकॅप द्यायचा तो एक मार्ग. सिममध्ये त्याच्या जवळ जाणारी गोष्ट म्हणजे सक्तीच्या पिटस्टॉपला जादा सेकंद, जीटी वर्ल्ड चॅलेंज एशियात तसं करतात. पण तुमची शर्यत ४५ मिनिटांची आणि थांबा नाही, तेव्हा ते जमणार नाही.

न्यूटनमीटर

०.३ च्या दराने बहुतेक सीझनभर वजन ३५ च्या खालीच राहील, म्हणजे सेटअपला फार हात लावावा लागणार नाही. वजनवाल्यांना एवढं कळवा: ३० किलो चार चाकांवर वाटले की चाकामागे ७४ न्यूटन, १५० न्यूटन प्रति मिलिमीटरच्या व्हील रेटला (चाकाशी मोजलेला स्प्रिंगचा कडकपणा) गाडी अर्धा मिलिमीटर बसते. राइड हाइट अगदी तळाला लावली असेल तर एक क्लिक वर, नाहीतर तशीच. टायरचा थंड दाब ०.१ ते ०.२ ने कमी करून बघा, कारण स्टिंटमध्ये तो नेहमीपेक्षा जास्त चढेल. ब्रेक डक्ट एक घर उघडा. ब्रेक बायसला हात लावायची गरज बहुतेक पडत नाही.

घाटवळण

नवा मसुदा, आहे तसा लीगच्या पानावर टाकतोय:

जिंकण्याचं वजन: एकूण गुण गुणिले ०.३, जवळच्या पूर्ण किलोला, कमाल ४०. सातव्या फेरीत निम्मं, आठव्या फेरीत शून्य. फेरी चुकवली तरी वजन कायम. मॉडेलचं वजन: गेमचं बीओपी जसंच्या तसं, बदल फक्त चार चालकांची तीन ट्रॅकवरची मोजणी आणि तिन्हीकडे ०.१२ पेक्षा जास्त फरक असेल तरच, १० च्या पटीत, आणि निदान एक फेरी आधी जाहीर करून. धडकेची शिक्षा: सेकंद, गुण किंवा पिटलेन स्टार्ट. वजन कधीही नाही. प्रत्येक फेरीच्या आदल्या दिवशी एंट्रीलिस्टमधले आकडे सगळ्यांना दिसतील असे टाकणार.

चौथ्या फेरीपासून लागू. आधीच्या तीन फेऱ्यांचे गुण धरायचे की शून्यापासून?

स्टॉपवॉच_सदाशिव

गुण धरा, वजन नवीन दराने काढा. ज्याच्याकडे आत्ता ६० आहेत तो ६८ गुणांवर असेल तर २० वर येईल, त्याला तक्रार नाही. जो चौथ्या जागेवर घसरत होता त्याचे गुण कमी आहेतच, ते त्याने स्वतःच घालवले. शून्यापासून सुरू केलंत तर हातचं राखणाऱ्याला ते परत दिल्यासारखं होईल.

मसुद्यात एक भर घाला: 'फेरी चुकवली तरी वजन कायम' याच्या जोडीला 'शेवटच्या फेरीचं शून्य फक्त निदान सहा फेऱ्या धावलेल्यांना'. नाहीतर कुणीतरी सहावी-सातवी फेरी सोडून आठव्या फेरीला हलका होऊन येतो.

जेसनबाधा

आणि मॉडेल ३४. ० नाही.

घाटवळण

दोन्ही दुरुस्त्या केल्या. बीओपी फाइल तर सरळ रिकामीच केली, ३४ चा प्रश्नच नको.